लसणाच्या वासाची गांडुळं

नागेश देवस्थळी खोटं बोलत नसे. समोरच्याने आपल्याबद्दल एखादा चांगला गैरसमज करून घेतला, तर तो मोडायचा नाही, एवढंच त्याचं पथ्य होतं. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे असं त्याचं प्रामाणिक मत होतं, आणि त्या फरकाच्या आधारावर त्याने तीन वर्षं सुखात काढली.

न्युरेम्बर्गजवळच्या एका कंपनीत तो व्हॉल्व्हच्या विभागात इंजिनियर होता. व्हॉल्व्हचे सील जपानमधून येत, तयार व्हॉल्व्ह अमेरिकेला जात, आणि कुठे काही ठिबकलं की दोन्हीकडची बोलणी खायला मध्ये नागेश. अमेरिकेच्या बाजूला डेल हॅगर्टी होता, अलाबामातल्या कारखान्याचा मॅनेजर. जपानच्या बाजूला ओत्सू गावचे मोरिता-सान, सील कंपनीचे क्वालिटीप्रमुख. सुरुवातीला तिघांचा एकत्र कॉल होई. पण त्यात डेल एकटाच बोले आणि मोरिता एकटेच गप्प बसत, म्हणून कंपनीने शहाणपणाने दोन वेगळे कॉल ठरवले. सकाळी आठला जपान, दुपारी चारला अमेरिका. त्यानंतर त्या दोघांनी एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकला नाही.

सगळं सुरू झालं ते २०१३च्या जूनमध्ये, चारच्या कॉलला. डेलच्या मागे भिंतीवर एक भला मोठा पेंढा भरलेला मासा लावला होता, जबडा आ वासलेला. बाकीचे लोक यायचे होते, तेवढ्यात काहीतरी बोलावं म्हणून नागेश म्हणाला, "छान आहे हो मासा."

डेलचा चेहरा बदलला. तो बास होता, लार्जमाउथ बास, नऊ पौंडांचा. तो कसा मिळाला हे सांगून झाल्यावर डेलने विचारलं, "तू करतोस फिशिंग?"

आता नागेश वाईचा. माशांशी त्याचा संबंध म्हणजे लहानपणी कृष्णेच्या घाटावर बसून त्यांना कणकेच्या गोळ्या टाकणे. त्याच्या घराण्यात कोणी मासा खाल्ला नव्हता, पकडणं तर दूरच. पण विचारणारा क्लायंट होता, आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या कंपनीने त्याला एकच गोष्ट घोटून शिकवली होती की क्लायंटला नाही म्हणायचं नाही. बाकीचं ट्रेनिंग तो विसरला, हे तेवढं रक्तात गेलं.

"थोडंफार," तो म्हणाला.

"मग सांग. जुलैत मासे खोल पाण्यात जातात आणि काहीच धरत नाहीत. तुम्ही तिकडे काय करता?"

"बघून सांगतो," नागेश म्हणाला. व्हॉल्व्हच्या बाबतीतही तो हेच म्हणत असे.

मोरितांनी जानेवारीत पाठवलेलं नववर्षाचं कार्ड त्याच्या टेबलावर होतं. त्यावर बिवा सरोवरात बोटीवर उभे असलेले मोरिता होते आणि त्यांच्या हातात तसाच, जबडा वासलेला मासा. दुसऱ्या दिवशी आठच्या कॉलला नागेशने सहज विचारल्यासारखं विचारलं. आठ महिन्यांत "तपासून कळवतो" यापलीकडे न गेलेले मोरिता चाळीस मिनिटं बोलले. संध्याकाळी मेलने चार पानांचं पत्र आलं, हाताने काढलेल्या आकृत्यांसकट. बारीक दोरी घ्या, लहानसं रबरी गांडूळ लावा, वजन खाली बांधा, आणि गांडूळ हलवू नका, फक्त दोरीची ढील हलवा. गांडुळाला जागा सोडावीशी वाटली नाही पाहिजे, असं त्यांनी लिहिलं होतं.

नागेशने पत्राचं इंग्रजी सरळ केलं आणि डेलला पाठवलं. "हे मोरिता-सान सांगतात" असं वाक्य त्याने वर लिहिलंही होतं. पण त्या आठवड्यात सीलवरून डेल मोरितांच्या नावाने नाही नाही ते बोलत होता. हे नाव वाचलं तर तो पत्रच उघडणार नाही, असं नागेशला वाटलं, म्हणून ते वाक्य त्याने खोडलं. नंतर सांगू, असं ठरवलं. नंतर सांगायच्या गोष्टींचं काय होतं ते आपण सगळेच जाणतो.

डेलला सात पौंडांचा बास मिळाला. त्याने फोटो पाठवला, खाली लिहिलं, "तू जादूगार आहेस," आणि तीन महिने अडवून धरलेल्या ड्रॉइंगवर सही केली.

मग मोरितांचा प्रश्न आला. बिवात पाणवनस्पती फार माजली आहे, गळ अडकतो, जर्मनीत काय करतात? नागेशने चारच्या कॉलला डेलला विचारलं. डेल म्हणाला, जाडजूड दोरी घे, जड वजन लाव, सरळ त्या झाडोऱ्यात घुसव आणि भिडेखातर थांबू नकोस, मासा लागला की ओढ. नागेशने यातली भिडेची ओळ काढून उरलेलं ओत्सूला धाडलं. मोरितांना त्या हंगामातला सगळ्यात मोठा मासा मिळाला. पुढच्या मेलपासून ते त्याला नागेश-सेन्सेई, म्हणजे नागेश-गुरुजी, म्हणू लागले.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. पण इथे हलवाई दोन होते आणि तुळशीपत्र ठेवणारा दोघांचा लाडका झाला होता.

पुढे सामानही येऊ लागलं. डेल आपल्या गॅरेजमध्ये स्वतः रबर वितळवून गांडुळं ओतायचा. जांभळी, बोटभर लांबीची, लसणाचा वास लावलेली, शेपटाशी त्याच्या आडनावाचं छोटं एच कोरलेली. त्याने डबाभर पाठवली. नागेश त्याचं काय करणार? त्याने अर्धी मोरितांना पाठवली. मोरितांनी उलट टपालाने सुईएवढी शिशाची वजनं पाठवली, गांडुळाच्या डोक्यात खुपसायची. त्यातली अर्धी अलाबामाला गेली. उरलेलं अर्धं स्वयंपाकघरातल्या खणात साठू लागलं.

नागेशची बायको ऊर्मिला वेंगुर्ल्याची. सासरच्या शाकाहाराला मान देऊन तिने अकरा वर्षं घरात मासा शिजवला नव्हता. तिचा माशांचा तवा बाल्कनीत असे, आणि शनिवारी ती तिथेच, कॅम्पिंगच्या शेगडीवर, कोट घालून मासे तळत असे. एक दिवस हिंग शोधताना तिने तो खण उघडला.

"नागेश, हे काय आहे?"

"गांडुळं. रबराची."

तिने एक उचलून नाकाशी नेलं. "लसूण लावलाय? छान. माशांना मॅरिनेट केलेलं अन्न, आणि बायको बाल्कनीत." सगळी हकीकत ऐकल्यावर ती हसली नाही, ते नागेशला जास्त लागलं. "आयत्या बिळावर नागोबा," ती म्हणाली. "आईवडिलांनी नाव विचार करून ठेवलंय तुझं. सांगून टाक दोघांना."

"सांगतो ना."

"तुझ्या तोंडून नाही निघतच नाही. भीड भिकेची बहीण असते, लक्षात ठेव."

तिला वाटत होतं की तो क्लायंटला घाबरतो. तेवढंच असतं तर त्याने केव्हाच सांगितलं असतं. खरी गोष्ट अशी की जर्मनीत सात वर्षं काढून नागेशला मित्र नव्हता. ऑफिसातले लोक दुपारी "मालत्साइट", म्हणजे सावकाश जेवा, म्हणत आणि पाचला घरी जात, वाईट कोणीच नव्हतं. पण डेलने स्वतःच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल त्याला लिहिलं होतं, दोन पानं, मध्ये गांडुळाच्या रंगाची चर्चा. मोरितांनी मुलीच्या लग्नाचा फोटो पाठवला होता. हे दोघं त्याला जवळचा समजत होते, आणि ते ज्याला जवळचा समजत होते तो माणूस अस्तित्वातच नव्हता. खरं कळलं की दोघंही जाणार, याची त्याला खात्री होती. म्हणून तो गप्प होता.

२०१६च्या एप्रिलमध्ये कंपनीने जाहीर केलं की सप्टेंबरमध्ये नव्या टेस्ट बेंचचं उद्घाटन आहे आणि दोन्ही पाहुणे येणार आहेत. त्याच आठवड्यात दोन मेल आले. डेलने लिहिलं होतं, "उद्घाटन झालं की शनिवारी मला तुझ्या तळ्यावर ने." मोरितांनी लिहिलं होतं की तुमच्या सरोवराचं दर्शन घडलं तर मी ऋणी राहीन.

कोंडी झाली की कोणी देवळात जातो, कोणी गुत्त्यात जातो. नागेश परीक्षेला बसला.

जर्मनीत गळ टाकायचा तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी तीस तासांचा कोर्स करून साठ प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. नागेशला हे कळलं तेव्हा त्याला पहिल्यांदा धीर आला. परीक्षा म्हणजे त्याचं घर. मे-जूनचे सगळे शनिवार तो एका फिशराय-फेराइनच्या, म्हणजे मासेमारी मंडळाच्या, हॉलमध्ये बिअर पिणाऱ्या निवृत्त लोकांमध्ये बसून वही भरत होता. सकाळी नाश्त्याला त्यांची दहा वर्षांची मुलगी मुक्ता त्याला प्रश्न विचारी. माशाला मारण्यापूर्वी काय करावं, पर्याय अ, ब, क. ऊर्मिला म्हणे, टेबलावर पोहे आहेत.

"रिष्टिश," मुक्ता उत्तर तपासत म्हणे, "बरोबर, बाबा."

त्याला साठपैकी अठ्ठावन्न मिळाले. इतके त्या हॉलमध्ये कोणालाच मिळाले नव्हते. आता त्याला माशांच्या कल्ल्यांची रचना, प्रत्येक जातीची किमान लांबी आणि बंदीचे महिने मुखोद्गत होते. गळ मात्र त्याने अजून एकदाही पाण्यात टाकला नव्हता.

कोर्समध्ये एक गोष्ट वारंवार सांगितली होती. मजेसाठी मासा पकडून परत सोडून देणं इथे चालत नाही. मुक्या जिवाला कारणाशिवाय त्रास द्यायचा नाही, असा इथला कायदा. लहान असेल, बंदीच्या काळातला असेल तर सोडायचा. नसेल तर मारून, घरी नेऊन खायचा. बासवाले मात्र जगभर उलट वागतात. पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा, हा त्यांचा धर्म. हे पाहुण्यांना आधी कळवायला हवं होतं. पण कळवलं तर ते हिरमुसतील, असं नागेशला वाटलं. तळ्यावर गेल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं.

सप्टेंबरमध्ये उद्घाटन पार पडलं. शनिवारी सकाळी ऊर्मिला खोबरं खवत होती. "जेवायला दोघांनाही घेऊन ये. वाटण करून ठेवते. मासा मिळाला तर आमटी, नाही मिळाला तर वरण-भात. आणि नागेश, आज सांग."

"आज सांगतोच."

फेराइनचं तळं तासाभरावर होतं. पाहुण्यांचे तात्पुरते परवाने आणि दिवसाची कार्डं नागेशने आधीच काढून ठेवली होती, कागदांत त्याचा हात कोणी धरला नसता. तळ्याचा राखणदार, हेर म्हणजे श्रीयुत त्साइटलर, कागद दोनदा वाचून बाकावर जाऊन बसला. डेल साडेसहा फुटी निघाला, मोरिता त्याच्या खांद्याला लागत होते. हॉटेलातून येताना गाडीत दोघं हवामानाबद्दल बोलले. नागेश सांगण्याची सुरुवात मनात जुळवत होता आणि प्रत्येक गावाची पाटी गेली की पुढच्या पाटीला सांगू म्हणत होता.

काठावर पोचल्यावर दोघांनी आपापल्या पेट्या उघडल्या. नागेश गाडीतून थर्मास काढायला गेला. तो दोनच मिनिटं गेला असेल.

परत आला तर मोरिता डेलच्या हाताकडे बघत उभे होते. डेल एका गांडुळाच्या डोक्यात शिशाची सुई खुपसत होता.

"ही पद्धत," मोरिता म्हणाले, "आपण कोठे शिकलात?"

"ही? नागेशची. जर्मन युक्ती आहे. तिने मला सात पौंडांचा बास मिळाला, हा बघा फोनवर. गांडूळ नाही हलवायचं, दोरीची ढील हलवायची. गांडुळाला..."

"जागा सोडावीशी वाटली नाही पाहिजे," मोरितांनी वाक्य पुरं केलं. "ते वाक्य माझं आहे."

डेलने मान वर केली. मग त्याची नजर मोरितांच्या उघड्या पेटीत गेली. तिथे, कप्प्यात नीट मांडलेली, दहा-बारा जांभळी गांडुळं होती. त्याने एक उचललं, वास घेतला, शेपूट उलटं करून एच पाहिलं.

"आणि हे तुम्हाला कोणी दिलं?"

"नागेश-सेन्सेई स्वतःच्या स्वयंपाकघरात करतात."

"असं तो म्हणाला?"

मोरितांनी आठवून पाहिलं. "नाही. मी तसं समजलो. ते नाही म्हणाले नाहीत."

दोघांनी नागेशकडे पाहिलं. पितळ उघडं पडायला तीन वर्षं लागली होती आणि दोन मिनिटं पुरली होती. थर्मास तसाच त्याच्या हातात होता.

"माझं त्यात काहीच नाही," नागेश म्हणाला. "तुमचं त्यांना सांगितलं, त्यांचं तुम्हाला सांगितलं. मी आजवर एकही मासा धरलेला नाही. मी मासे खातही नाही. आमच्या घरात कोणी खात नाही. म्हणजे बायको खाते, बाल्कनीत."

डेल लाल झाला. "माझ्या बापाबद्दल मी तुला लिहिलं. ते पण पाठवलंस का जपानला?"

"ते माझं म्हणून ठेवलं."

डेल पाण्याकडे वळला. त्याने रागाने गळ टाकला, आणि रागाने टाकल्यामुळे फार लांब गेला. मोरितांनीही शांतपणे टाकला आणि दांडी आधारावर ठेवून ते पाण्याकडे बघत राहिले. दोघांच्या मध्ये दहा पावलं अंतर होतं आणि नागेश त्या दोघांच्या मागे उभा होता. इतकं वाईट त्याला वडील रागावले तेव्हाही वाटलं नव्हतं. हे दोघं ओरडले असते तर बरं झालं असतं. अर्धा तास गेला. कॉफी त्याने तिघांसाठी ओतली, ती कोणी घेतली नाही.

मग मोरितांची दांडी वाकली.

भांडण, राग, सगळं बाजूला ठेवून डेल धावला. मोरितांनी हळूहळू ओढत मासा काठाशी आणला, डेलने गुडघाभर पाण्यात उतरून तो जाळीत घेतला. बास नव्हता, त्सांडर होता. लांबट, पाठीवर काटे, काचेसारखे डोळे. मोरिता वाकून हसत होते, डेल फोन काढत होता. फोटो झाला. मोरितांनी मासा दोन्ही हातांत धरला, त्याच्याशी जपानीत दोन शब्द बोलले आणि पाण्याकडे वळले.

"हाल्ट," मागून हेर त्साइटलर म्हणाला. तो बाकावरून उठून पट्टी घेऊन आला होता. त्याने मोजलं. अठ्ठावन्न सेंटिमीटर. "किमान पन्नास. मिटनेमन."

पाहुण्यांनी नागेशकडे पाहिलं, आणि नागेशने जे आधीच सांगायला हवं होतं ते त्याला आता सांगावं लागलं. "सोडता येणार नाही. इथे मारून घरी न्यावा लागतो. हेही मी तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही नाराज व्हाल म्हणून."

मोरितांचा चेहरा पांढरा पडला. "मी बत्तीस वर्षं मासे धरतो," ते म्हणाले. "एकही मारला नाही. कसा मारतात मला ठाऊक नाही."

"माझ्याकडे बघू नका," डेल म्हणाला. "माझ्या गाडीवर 'सोडून द्या' असं लिहिलेलं आहे." एवढा साडेसहा फुटी माणूस, पण तो पाठ फिरवून उभा राहिला.

मासा जाळीत तडफडत होता. जो काही उशीर होत होता तो त्याच्या जिवावर होत होता, एवढं नागेशला दिसलं. हेर त्साइटलर मदतीला हात पुढे करणार होता, पण परवाना नागेशच्या नावावर होता, पाहुणे नागेशचे होते, आणि हा सगळा घोळही नागेशचाच होता. त्याने बाही वर केली.

त्याने हे कधीच केलं नव्हतं. पण हात काय करणार आहेत ते त्याला शब्दशः पाठ होतं. ओल्या कापडात धर, म्हणजे कातडीला इजा होत नाही. डोळ्यांच्या वर, दंडुक्याचा एकच फटका, पुरेशा जोराने, कारण भीत भीत मारला तर त्याला दोनदा मारावा लागतो. मग लगेच सुरी, कल्ल्यांच्या मागे, हृदयाशी. "माफ कर रे बाबा," तो मराठीत म्हणाला आणि त्याने ते केलं. एकाच फटक्यात झालं. त्याला रडू आलं, ते त्याने लपवलं नाही.

हेर त्साइटलरने मान हलवली. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं तो म्हणाला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला.

मोरितांनी माशासमोर हात जोडले. डेलने टोपी काढली आणि बराच वेळ डोक्यावर घातली नाही.

"हे तू कोणाकडून घेतलंस?" शेवटी त्याने विचारलं. आवाजात अजून राग होता, पण मघाचा नव्हता. "त्यांच्याकडून?"

"माझ्याकडून नाही," मोरिता घाईने म्हणाले.

"माझं मीच," नागेश म्हणाला. "अभ्यास केला."

डेलने ते तपासून पाहिल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. मग आपली दांडी उचलून नागेशच्या हातात दिली. "टाक."

तीन वर्षांत प्रथमच नागेशच्या तोंडून तो शब्द निघाला, आणि निघाला तो क्लायंटसमोरच. "नाही," तो म्हणाला. "मला येत नाही. शिकवा."

डेल म्हणाला, मनगट सैल सोड आणि जोरात फेक, पाण्याला समजू दे कोण आलंय. मोरिता म्हणाले, माफ करा, अगदी हळू, पाण्याला कळताच कामा नये. डेल म्हणाला, हे तुमचं बारीक दोरीचं शास्त्र इथे नको. मोरिता म्हणाले, त्याच शास्त्राने आपल्याला सात पौंडांचा मासा मिळाला, फोटो मी मघाशीच आपल्या फोनवर पाहिला. दोघं नागेशच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. एकाने त्याचा उजवा कोपर धरला, दुसऱ्याने डावा, आणि त्याच्या डोक्यावरून ते एकमेकांशी कडकडून भांडू लागले.